‘कुफरी ज्योती’ला वारस हवा

संपादक महोदय,

आंबेगावच्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा म्हणजे करपा रोगाशी झुंज. ढगाळ हवा, रिमझिम आणि धुके टिकले की पाला काळा पडलाच. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेची १९६८ची ‘कुफरी ज्योती’ ही जात तेव्हा करप्याला दाद देत नव्हती. आता तिची ती ताकद ओसरली आहे. तरी भाजी, वडा, उपवासाचा कीस सगळ्याला चालते, म्हणून लोक तिला सोडत नाहीत. करप्याला अधिक तोंड देणाऱ्या ‘हिमालिनी’, ‘गिरधारी’ या जाती मुळात हिमालयातल्या डोंगरांसाठीच्या. त्या इथे तगतात का, हे कृषी विद्यापीठाने शेतकऱ्याच्या वावरातच दाखवावे. आणि बेणे वेळेवर द्यावे. लावण उरकल्यावर आलेल्या गोण्या काय कामाच्या?

– एक बटाटा उत्पादक, ता. आंबेगाव, जि. पुणे