हातगोळ्याच्या आकाराचं खेळणं आमच्या शिवारात नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवळी तालुक्यातला. पुलगाव आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे. सतरा वर्षं पायदळात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता रोज पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या पडीक वावरात भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना पळवतो. १६०० मीटर, पुलअप, लांब उडी. फी घेत नाही. कोणी काकडी आणून देतं, कोणी हुरडा.

यातल्याच एका पोट्ट्याच्या उजव्या कानाचा पडदा गेल्या मे महिन्यात फाटला. तो सतरा वर्षांचा आहे. दोन वर्षं एकही सकाळ न चुकवता पळालेला मुलगा. म्हणून हे पत्र.

एअरसॉफ्ट नावाचा खेळ आता आपल्याकडेही आला आहे. १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झालेला हा खेळ आहे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकीतून ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे मारायचे आणि छर्रा लागला की आपण होऊन बाद व्हायचं. खेळाला माझा विरोध नाही. प्रामाणिकपणे बाद होणं शिकवणारा खेळ वाईट कसा असेल? शेजारच्या गावाच्या शिवारात कापूस निघालेलं सहा एकर वावर एका आयोजकानं दोन दिवस भाड्यानं घेतलं. नागपूरकडची मुलं आली होती, त्यात आमची चार मिसळली. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग लावलेले होते, त्यांचाच आडोसा केला. सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मे होते. कानात मात्र कोणाच्याच काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आवाजाचे हातगोळे निघाले. काही विकतचे, गॅसवर फुटणारे. ते संपल्यावर आयोजकाच्या माणसानं पिशवीतून वेगळे काढले: वीतभर पीव्हीसी पाइप, दोन्ही बाजूंनी बंद, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला आणि वर तारेची कडी, पिन वाटावी म्हणून. आत सुतळी बॉम्बातली दारू. दोन फुटले. तिसरा फुटला नाही.

दवाखान्यात खाटेवर बसून तो मला सांगत होता, "काका, म्या तीसपर्यंत मोजलं जी. मले वाटलं फुसका निघाला." उचलायला वाकला आणि तो गुडघ्याएवढ्या उंचीवर फुटला. चष्म्यानं डोळे वाचवले. उजव्या गालात आणि हातात पाइपचे तुकडे शिरले. प्लॅस्टिक एक्स-रेत सहज दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी चिमट्यानं चाचपून एकेक तुकडा काढला. एका स्टीलच्या वाटीत ते ठेवले होते, तांदळाच्या कणीएवढे, करड्या रंगाचे. त्याची आई ती वाटी हातात घेऊन बसली होती, खाली ठेवायला तयार नव्हती.

फौजेत आम्हाला हातगोळा शिकवताना उस्ताद पहिल्यांदा न फुटलेल्या गोळ्याबद्दल शिकवायचे. त्याला आम्ही ब्लाइंड म्हणायचो. ब्लाइंड झाला की सगळे आडोशाला पडून राहायचे, घड्याळ बघायचं आणि ठरलेला वेळ गेल्यावर ज्याला अधिकार आहे तोच माणूस पुढे जायचा. तोही गोळा उचलायला नाही, जागच्या जागी निकामी करायला. फेकणाऱ्यानं मागे फिरून बघायचं नाही, ही सवय हाडात मुरेपर्यंत आम्हाला रबरी गोळेच फेकायला लावत. हे सगळं शिस्तीतल्या, मापात बनवलेल्या, तपासून आलेल्या मालासाठी. ज्याची वात कोणी, किती, कशी कापली हे कापणाऱ्यालाही आठवत नाही अशी वस्तू सतरा वर्षांच्या पोराच्या हातात देताना त्याला "फुटला नाही तर जाऊ नको" एवढे पाच शब्दही कोणी सांगितले नव्हते.

सरावात आवाजासाठी थंडरफ्लॅश वापरतात. २००४ साली एक माझ्या जवळच पडला. तेव्हापासून माझ्या डाव्या कानात रातकिडा वाजतो. दिवसा कामात कळत नाही, रात्री वीज गेली, पंखा थांबला की सुरू. बायको म्हणते, आता झोपा, मी म्हणतो, हो. एकवीस-बावीस वर्षं झाली.

आवाजाचा हिशेब पोरांना आकड्यांत सांगितला की पटतो, म्हणून इथेही देतो. आपल्याकडे फटाक्याला फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर जी मर्यादा घालून दिली आहे ती १२५ डेसिबलची. क्षणिक शिखर धरलं तर १४५. जागतिक आरोग्य संघटना असा एकदम कानावर येणारा आवाज मोठ्या माणसासाठी १४० आणि मुलांसाठी १२० च्या वर जाऊ नये असं सांगते. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा चार मीटरवर उघड्या कानाला जड आहे. अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल वाढतात. चार मीटरवरचे १४५ एका मीटरवर १५७ होतात. हे मोकळ्या वावरातलं गणित झालं. कोठ्यात, पडक्या घरात, चार भिंतींत आवाज आदळून परत येतो, तिथे ते आणखी बिघडतं. आणि हे गोळे मुळात खोलीत टाकण्यासाठीच घेतले जातात.

पडद्याचं छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरतं, असं डॉक्टर म्हणाले. आतल्या नाजूक पेशी गेल्या तर त्या परत येत नाहीत. सैन्य भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानात नळी घालून पडदा बघतात आणि छिद्र दिसलं की उमेदवार तिथेच बाहेर. आमच्या या पोराचं १६०० मीटर सव्वापाच मिनिटांत बसत होतं.

आता कायद्याचं. "काका, फटाकेच तर आहेत" हे मी दहा जणांकडून ऐकलं. दुकानातला फटाका पेटवणं वेगळं आणि तो फोडून त्यातली दारू दुसऱ्या नळीत भरणं वेगळं. १८८४ च्या स्फोटक कायद्यात स्फोटाचा किंवा आतषबाजीचा परिणाम साधण्यासाठी केलेली वस्तू स्फोटकच धरली आहे. फटाके, वाती, काडतुसं, ठोका बसला की पेटणाऱ्या टोप्या सगळं त्यात येतं. असा माल बनवायला परवाना लागतो. तो देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात आहे. विचारायचं असतं तर शंभरेक किलोमीटरचा प्रवास होता. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या स्फोटकांवर तर १९९२ पासून देशभर बंदी आहे, तरी दिवाळीच्या आसपास पोरं पोटॅश शोधतच असतात. निष्काळजीपणे स्फोटक हाताळून कोणाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ लागतं. फटाके ऑनलाइन विकायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मनाई केली. पोरं व्हिडिओ बघतात ते ब्रिटनमधले. तिथे खेळासाठी दारूचे तयार गोळे दुकानात मिळतात, पण तिथेही १८ वर्षांखालच्याला विकत नाहीत. व्हिडिओत ही गोष्ट दिसत नाही.

गॅसवरच्या गोळ्यात दारू नसते, हे खरं. त्यात १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची छोटी लोखंडी नळी भोसकली जाते आणि दाबानं प्लॅस्टिकचं कवच फुटतं. थंड देशात ठीक असेल. या नळ्या ५० अंशांच्या वर तापू देऊ नयेत असं बजावलेलं असतं. वर्ध्याचा मे महिना ज्यानं बघितला आहे त्यानं काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दुपारी दोनला हात घालून बघावा. दुसरा प्रकार ज्याला ग्रीन गॅस म्हणतात तो मुख्यतः प्रोपेन असतो, म्हणजे पेटणारा. बाजूला वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग, कडबा, तुऱ्हाट्या. त्या दिवशी वारा पडलेला होता म्हणून त्या शेतकऱ्याचं कुटार वाचलं.

पण संपादकसाहेब, माझं खरं म्हणणं आवाजाहून जास्त आकाराबद्दल आहे.

३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली ती रात्र आमच्या भागातला कोणी विसरलेला नाही. खिडक्या हादरल्या, आभाळ केशरी झालं, बाया लेकरांना कवेत घेऊन अनवाणी निघाल्या. २० नोव्हेंबर २०१८ ला मुदत संपलेला दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत रोजीनं गेलेले आसपासच्या गावचे मजूर होते. माझी आई आजही लग्नाच्या वरातीत ॲटमबॉम्ब फुटला की दाराची चौकट धरून उभी राहते. अशा शिवारात सकाळी नऊला एकापाठोपाठ दोन धडाके झाले, तेव्हा तीन वाड्यांवरची माणसं काम टाकून धावत निघाली. पोलीस पाटलाला काही माहीत नव्हतं. रानडुकरासाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बावर गाय पडली असेल, असं काहींना वाटलं. तसलं इथे होतं.

आणि लहानपणापासून आम्हाला एकच शिकवण आहे: वावरात, नाल्यात, भंगारात लोखंडाची अनोळखी वस्तू दिसली की हात लावायचा नाही, लांबून मोठ्या माणसाला हाक मारायची. माझ्या बापानं मला सांगितलं, मी माझ्या पोरांना सांगितलं. आता तीच वस्तू, तोच हिरवा रंग, तीच कडी, खेळणं म्हणून धुऱ्यावर पडलेली असेल तर सात वर्षांचं लेकरू काय शिकेल? खेळ संपल्यावर दोन दिवसांनी त्या वावरात मी गेलो होतो. ढेकळांत गॅसच्या गोळ्याचं एक अर्धवट कवच सापडलं, चौकड्यांच्या नक्षीचं. जवळच गुराख्याच्या पोराच्या पावलांचे ठसे होते.

हा गोळा खेळाला लागतोच कशाला, असं मी पोट्ट्यांना विचारलं. उत्तर आलं की आडोशामागे लपलेल्याला बाद करता यावं म्हणून. मग त्याला धडाका कशाला पाहिजे? पाच मीटरच्या आत पडला तर बाद, एवढाच बऱ्याच ठिकाणचा नियम आहे. आवाज फक्त "पडला" हे कळवण्यासाठी. ते काम मी आता असं करतो. भावाच्या बैलांच्या जुन्या घुंगरमाळेतले सहा-सात घुंगरू, भोवती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, मग चिंध्या, आणि वरून भगव्या कापडाची घट्ट शिवण. मुठीत मावतो, वजन साधारण पाव किलो. काळ्या मातीच्या ढेकळावर कडक प्लॅस्टिकचा गोळा एक तर फुटतो, नाही तर भेगेत जातो. हा उसळत नाही, जिथे पडला तिथे छुमछुमून थांबतो. पंच शिट्टी मारतो आणि आतले बाहेर येतात. पावसाळ्यात ओला होऊन जड होतो, तेव्हा वापरत नाही. अंगावर कोणी जोरात मारू नये एवढा नियम लावावा लागला. ज्यांना यंत्राचीच हौस आहे त्यांनी बॅटरीवर शिट्टी वाजवणारा गोळा घ्यावा, पण तो पिवळा किंवा गुलाबी रंगवून, खऱ्या हातगोळ्यासारखा नाही तर चेंडूसारखा दिसेल असा.

जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे. असा खेळ भरवणाऱ्यानं ग्रामपंचायतीला आणि ठाण्याला आधी लेखी कळवावं, आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलाकडून दवंडी व्हावी, दारू असलेली कोणतीही वस्तू मैदानात येऊ नये. शिबिरांनाही हेच लावा. उन्हाळ्यात कमांडो शिबिरं म्हणून जी भरतात तिथेही सुतळी बॉम्ब फोडून मुलांना "धीट" केलं जातं, हे मी स्वतः पाहिलं आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत तर असल्या धडाक्याचा विचारही कोणी करू नये. आणि खेळायला जाणाऱ्या मुलांच्या आयांनो, चष्म्याबरोबर कानात घालायचे स्पंजचे बोळे द्या. औषधाच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात.

त्या पोराच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. आयोजकानं दवाखान्याचा खर्च दिला, तेवढ्यावर गावात मिटलं. मी त्यांना दोष देत नाही, मजुरीवर घर आहे. पोरगा जूनच्या शेवटी मैदानावर परत आला. पळतो चांगला. फक्त मी शिट्टी मारली की तो आता मान वळवतो, डावा कान माझ्याकडे करतो. पुढच्या महिन्यात पडदा पुन्हा तपासायचा आहे, मी सोबत जाणार आहे.

घुंगरांचा चेंडू कोणा शिक्षकाला किंवा आयोजकाला बघायचा असेल तर पहाटे साडेपाच ते सात मी वावरातच असतो. शिवण कशी घालायची तेही दाखवीन.

आपला,
एक माजी हवालदार
ता. देवळी, जि. वर्धा