कोरियाला नेताय, पण फळी कोण धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तायक्वांदो क्लासांच्या कोरिया दौऱ्याचं पत्रक बहुधा ठरलेलं असतं: सोलचा राजवाडा, १९७२ सालचं कुक्कीवॉन (तायक्वांदोचं जागतिक मुख्यालय), मुजू इथलं २०१४ मध्ये सुरू झालेलं तायक्वांदोवॉन हे प्रशिक्षण-संकुल, देवळात एक मुक्काम आणि मुलांचं प्रात्यक्षिक. जाण्याआधी सराव होतो तो उड्यांचा आणि पूमसेचा, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिकेचा. प्रात्यक्षिक फसतं मात्र लाथेने तोडायच्या फळीपाशी.

आपल्याकडे सराव पुन्हा जोडता येणाऱ्या प्लास्टिकच्या फळीवर. ती ठरलेल्या जोडावरच सुटते. तिथे पाइनची पातळ फळी मिळते आणि ती लाकडाच्या रेषांना धरूनच तुटते. साइड किकला पाऊल आडवं येतं, म्हणून रेषाही आडव्या हव्यात आणि फळी वरच्या व खालच्या कडेला धरायला हवी. तीच डाव्या-उजव्या टोकांना धरली तर मारणाऱ्याची टाच सुजते, फळी तशीच. मधोमध गाठ असलेली फळी आधीच बाजूला काढावी. जूनच्या अखेरीस तिकडेही पाऊस लागतो. दमट फळी तुटायच्या ऐवजी वाकते, म्हणून गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोलीतच ठेवावा.

खरी कसोटी धरणाऱ्याची. तळव्याच्या टाचेने कडा दाबायच्या, बोटांची टोकं समोर येऊ द्यायची नाहीत, कोपरं ताठ, एक पाय मागे रोवलेला, तोंड बाजूला वळवलेलं. किक येताना कोपर किंचित जरी ढिलं पडलं तरी फळी मागे जाते, जोर तिथेच जिरतो आणि सगळे मारणाऱ्या मुलाला हसतात. म्हणून धरणारी जोडी महिनाभर आधी ठरवून तिला मारणाऱ्याइतकाच सराव द्यावा, तोही लाकडी फळीवर. एक मुलगा फक्त झाडूला लावावा. अनवाणी पायात ढलपी घुसली की पुढची उडी गेलीच. आणि रात्रभर विमानात बसवून आणलेल्या मुलांना, साडेतीन तास पुढच्या घड्याळावर, उतरल्या दिवशीच मॅटवर उभं करू नये.

जेवणाचं पालक नेहमी विचारतात. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीत, बहुतेक वेळा मासळीचा रस किंवा खारवलेला जवळा असतो, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुकी मासळी उकळलेली असते. बिबिम्बाप (भाज्या घातलेला भात) मागवताना ‘कोगी, केरान प्पे जुसेयो’, म्हणजे मांस आणि अंडं काढून द्या, एवढं वाक्य प्रत्येकाला पाठ हवं. बौद्ध देवळातल्या पारंपरिक जेवणात मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही नसतो (मुळा-बटाटा असतो, हे जैन पालकांनी ध्यानात घ्यावं). चार वाडग्यांच्या त्या पंगतीत पानात काही टाकायचं नसतं. वाडगा पाण्याने विसळून ते पाणीही प्यायचं. पहाटे उठून १०८ नमस्कार घालायला लावतात, ते गुडघ्यांना जाणवतात. प्रात्यक्षिक त्याच्या आदल्या दिवशी ठेवलेलं बरं.

राहिला कागद. दौऱ्याचं सहभाग प्रमाणपत्र म्हणजे डान (ब्लॅक बेल्टची श्रेणी) नव्हे, आणि १५ वर्षांखालच्या मुलाला कुक्कीवॉनकडून डान नाही, पूम, म्हणजे मुलांसाठीची तशीच श्रेणी, मिळतो. पत्रकात ‘ब्लॅक बेल्टसह’ असं छापलेलं असेल तर परीक्षा कोण घेणार आणि कुक्कीवॉनचा नोंदणी क्रमांक मिळणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं.

आपला,
एक तायक्वांदो प्रशिक्षक, सांगली