सांडपाण्यातला नत्र काढताना हवेचाही हिशेब धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरगुती सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद जितके जास्त काढावे तितके पर्यावरणाचे भले, असे धरून प्रक्रिया केंद्रांसाठी अधिकाधिक कडक मर्यादा सुचवल्या जातात. मर्यादा हवीच. पण ती गाठताना हवेत काय सुटते, रसायने किती लागतात आणि गाळ किती वाढतो, हे सहसा कुणी विचारत नाही.

अमोनियाच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. पीएच चढला की अमोनियाचा मुक्त भाग वाढतो आणि तो अगदी थोडा असला तरी माशांना मारक ठरतो. शिवाय एक किलो अमोनिया-नत्राचे नायट्रेट व्हायला 4.57 किलो ऑक्सिजन लागतो. हा ऑक्सिजन नदीच्या पाण्यातून खेचण्यापेक्षा केंद्रातल्या ब्लोअरने पुरवलेला बरा. खरा वाद त्यापुढचा आहे: नायट्रेट कितपत काढायचे?

सुस्थितीतल्या डिफ्युझरने (टाकीच्या तळातून हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या साधनाने) एका युनिट विजेत दीड किलो ऑक्सिजन विरघळवला असे धरले, तर एका किलो नत्रामागे तीन युनिट लागतात. वीज सगळी कोळशाची मानली तरी साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड झाला. आता जिवाणू नत्रावर काम करताना निसटणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू पाहू. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शिकेत केंद्रात येणाऱ्या नत्रापैकी 1.6 टक्के या वायूच्या रूपाने सुटतो असे धरले आहे. किलोमागे 16 ग्रॅम नत्र, म्हणजे वायूच्या वजनात 25 ग्रॅम. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, म्हणजे आकडा सात किलोच्या घरात जातो. विजेच्या दुपटीहून जास्त, आणि कुठल्याच बिलात न दिसणारा.

हा वायू वाढतो तो पुष्कळदा काटकसरीपायी. वीज वाचवायला ब्लोअर मंद केला आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमवरून 0.5 च्या खाली आला की अमोनियाचे नायट्राइट (नायट्रेटच्या आधीची पायरी) करणारे जिवाणू काम रेटतात, पण नायट्राइटचे नायट्रेट करणारे मागे पडतात. नायट्राइट साचते, आणि पहिल्या गटातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी तेच वापरून नायट्रस ऑक्साइड सोडू लागतात. बाहेरच्या पाण्यात अमोनिया मर्यादेत, बिल कमी, सगळे खूश! म्हणून वायुवीजन टाकीतले नायट्राइट रोज तपासावे, ते चढू लागले की आधी हवा वाढवावी, आणि सकाळचा लोंढा थेट आत न घेता समतोल टाकीतून सावकाश सोडावा.

अर्थात नत्र नदीत गेला तरी हा वायू सुटतोच. त्याच मार्गदर्शिकेत निरोगी जलाशयासाठी 0.5 टक्के, तर शेवाळाने माजलेल्या, ऑक्सिजन खालावलेल्या पाण्यासाठी 1.9 टक्के धरले आहेत. केंद्राचा 1.6 टक्के या दोहोंच्या मधे पडतो. म्हणजे नत्र काढल्याने हवेचे भले होते की बुरे, हे पाणी कुठे जाऊन मिळते त्यावर ठरते, आणि तरीही मर्यादा मात्र सगळीकडे एकच मागितली जाते. गोड्या पाण्याच्या तळ्यांत शेवाळाला बहुधा स्फुरद कमी पडतो. कॅनडात 1973 साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन व नत्र, तर दुसऱ्या बाजूला त्यासोबत स्फुरदही घातला गेला; दुसरी बाजूच हिरवी झाली. किनाऱ्यालगतच्या समुद्रात मात्र बऱ्याचदा नत्र निर्णायक असतो.

नायट्रेट काढण्याचा पहिला टप्पा फायद्याचाच आहे. वायुवीजन टाकीतले पाणी तिच्या आधीच्या बिनहवेच्या टाकीत परत फिरवले की जिवाणू सांडपाण्यातलाच कार्बन वापरून नायट्रेट तोडतात, त्यातला नत्र वायू होऊन हवेत जातो, आणि प्रत्येक किलो नत्रामागे 2.86 किलो ऑक्सिजनची बचत होते. अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) निम्मी परत मिळते. हे महत्त्वाचे, कारण 40 मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना लिटरला सुमारे 285 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. पाण्यात तेवढी नसेल तर पीएच घसरतो आणि प्रक्रिया आपोआप अडते. गाळाच्या परतीसह, येणाऱ्या सांडपाण्याच्या तिप्पट पाणी फिरवले तर जास्तीत जास्त 75 टक्के नायट्रेट निघते, म्हणजे 40 चे 10 मिलिग्रॅम. सहापट फिरवले तर 86 टक्के. पंपिंग दुप्पट, पदरात अकरा टक्के. त्यातही परतीच्या पाण्यासोबत आलेला ऑक्सिजन बिनहवेच्या टाकीतला कार्बन खाऊन टाकतो, तो तोटा वेगळाच.

दहाच्या खाली जायचे तर बाहेरून कार्बन घालावा लागतो, बहुतेकदा मिथेनॉल. किलोभर नायट्रेट-नत्राला सुमारे तीन किलो मिथेनॉल लागते. ते मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनते आणि त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. मात्रा कमी पडली तर विघटन नायट्रस ऑक्साइडपाशीच अडकते. जास्त झाली तर बाहेरच्या पाण्याची बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) चढते.

स्फुरदाचेही असेच. फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराने तो गाळात बसवायला किलोमागे हिशेबाने 1.8 किलो लोह पुरते, प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट लागते. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत हे निभते. त्याखाली मात्रा झपाट्याने वाढते, आणि नुसत्या रसायनाने भागतही नाही: बाहेर जाणाऱ्या पाण्यात 10 मिलिग्रॅम तरंगता गाळ असला आणि त्यात अडीच टक्के स्फुरद असला, तर 0.25 मिलिग्रॅम तिथेच गेला. मग फिल्टर आला, त्याचे बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणे) आले. किलोभर लोहामागे दोन ते पावणेतीन किलो कोरडा रासायनिक गाळ वाढतो, आणि लोहात घट्ट बसलेला स्फुरद पिकालाही सहज मिळत नाही.

पाणी शेतीला जात असेल तर नत्र काढून टाकणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कारखान्यात ऊर्जा जाळून हवेतला नत्र खतात बांधायचा आणि केंद्रात पुन्हा ऊर्जा जाळून तोच हवेत सोडायचा! लिटरला 40 मिलिग्रॅम नत्र असलेले 500 मिलिमीटर पाणी दिले तर हेक्टरी 200 किलो नत्र पडतो. तो अनेक पिकांना जास्तच होतो आणि फुलोऱ्यानंतरही चालू राहिल्याने पीक लोळते, म्हणून स्वच्छ पाणी मिसळून द्यावे. पावसात शेतीला पाणी नको असते, तेव्हा नायट्रेट काढण्याची सोय हाताशी हवी. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यांचे काम कधीच थांबवू नये. नायट्रेट तोडणारे मात्र हवा बंद होताच कामाला लागतात.

मुळाशीच बरेच करता येते. बिनफॉस्फेटची धुलाई पावडर हा सर्वांत सोपा उपाय. सांडपाण्यातला सुमारे 80 टक्के नत्र आणि निम्मा स्फुरद लघवीतून येतो, पण आकारमानात ती जेमतेम एक टक्का असते. नव्या मोठ्या इमारतींत ती वेगळी काढणे शक्य आहे, मात्र नळ नीट हवेत. युरियाचे विघटन होऊन पीएच 9 पर्यंत जातो आणि स्ट्रुव्हाइट या मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे खडे आडव्या नळांत धरतात. उतार किमान एक टक्का ठेवावा, कोपरे कमी असावेत, फ्लशचे कठीण पाणी त्यात शिरू देऊ नये आणि टाकी बंद ठेवावी, नाहीतर अमोनिया उडून जातो.

मर्यादा ठरवणाऱ्यांकडे एकच मागणी. नत्राची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅमच्या खाली नेण्याआधी त्या केंद्रातल्या नायट्रस ऑक्साइडचे मोजमाप वर्षभर, टाकीत संवेदक बसवून करावे. ऋतू आणि भारानुसार हा वायू इतका बदलतो की एका दिवसाचे नमुने घेऊन काढलेली सरासरी भरवशाची नसते.

आपले,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील काही अभियंते