रविवारची पाट्यांची फेरी, आणि ल-श चं काय ते

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता बडोद्यात सूरसागर तलावाच्या काठी जमू. तिथून पायी रावपुरा, दांडिया बाजार. हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या बघायच्या. गुजरातीला शिरोरेषा (अक्षरांवरची आडवी रेघ) नाही, देवनागरीला आहे; दोन्ही ओळी एका पाटीवर बसवताना पेंटरने उंची कशी सांभाळलीय, ते जवळ जाऊन बघा. दुकानदाराला विचारल्याशिवाय फोटो नको.

दुसरं, आपल्या दिवाळी अंकाच्या वेबपानांवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसताहेत. लगेच फाँट बदलू नका. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये, भाषेचा कोड 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) टाका. फाँटात मराठी रूपं असतील तर आपोआप उमटतील. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू हे फाँट फुकट आहेत आणि रीतसर परवान्याचे. कुठून तरी उचललेले फाँट अंकात घेणार नाही, वाद घालू नये. पानं गुरुवारपर्यंत.