शिडीबद्दल

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

पुण्याला पोचून दोन दिवस झाले. फोनवर बोलता आलं असतं, पण अण्णा, तुमचं ठरलेलं आहे. विषय अंगावर आला की ‘हं, घे, आईशी बोल.’ म्हणून कागद. चुलत्यांचा धाकटा शनिवारच्या एसटीने येतोय, त्याच्या हाती देते. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि उजव्या बाजूला बसून वाच. त्यांचा डावा कान आता नावालाच राहिलाय.

आधी भांडण करून घेते.

त्या वळिवाबद्दल तुम्ही मला काय सांगितलंत? वारा सुटला, गोठ्याचे दोन पत्रे गेले, फणस रस्त्यात आडवा झाला, लाइट गेली, बास. टॉवरची बॅटरी संपली म्हणून तीन दिवस तुमचे फोन बंद, आणि मी इथे येड्यासारखी तोच नंबर फिरवतेय. शेवटी रजा टाकून निघाले. मल्हारपेठेत न्यायला आलेल्या भाच्याने गाडी चालवता चालवता सहज सांगितलं, ‘आत्या, अण्णांनी परवा ट्रान्सफॉर्मरची डीपी बघितली.’ तेवढ्यावर मी उरलेलं त्याच्याकडून खणून काढलं. आई, तूसुद्धा गप्प राहिलीस, हे माझ्या लक्षात आहे.

दुसऱ्या रात्री मंडपवाल्याच्या घरी लग्नाचे पाहुणे अडकलेले. त्याने आपला मोठा जनरेटर सरळ घरच्या बोर्डाला जोडला. मेन स्विच पाडलाच नाही. नेमकी त्याच वेळी आळीतली चार माणसं आपल्या दारात, ‘अण्णा, डीपीवरचा डीओ फ्यूज उडाला असंल, तेवढा बघा की.’ आणि तुम्ही शिडी, पक्कड आणि हातमोजे घेऊन निघालात. हातमोजे तरी कुठले, तर निवृत्तीच्या वर्षीचे. मी ते ओढून बघितले, बोटांच्या बेचक्यात रबर तडकलंय. वय ७४, उजव्या पायात सळई.

भाचा म्हणतो, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तुमचा पाय होता आणि तुम्ही थबकलात. ‘गप्प बसा रे सगळे.’ सगळे गप्प झाले तेव्हा त्यालाही ऐकू आलं. वरची लाइन तुटून शेतात पडलेली, सगळी वाडी अंधारात, आणि डीपी बारीक आवाजात हुं हुं करत होती.

ह्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको, मी वायरमनच्या घरात वाढले. घरच्या बोर्डात सोडलेली वीज सर्व्हिस वायरने उलटी डीपीपर्यंत जाते. वीज कुठल्या बाजूने आली हे डीपीला काय कळतंय? ती तिथून २३० व्होल्टचे ११ हजार करून वरच्या तारांत सोडते. म्हणजे वर हात घातला असता तर तुम्ही, आणि नाहीतर शेतात पडलेल्या तारेवर पाय पडला असता तो कुणीतरी. पाच मिनिटांत तुम्ही मंडपवाल्याचा जनरेटर बंद करायला लावलात, त्याला चार शिव्याही हासडल्यात म्हणे, आणि घरी येऊन आईला म्हणालात, ‘माझा एक कान अजून शाबूत आहे.’ गंमत म्हणून. अण्णा, त्या रात्री डावा कान डीपीकडे असता तर?

लहानपणी तुम्ही आम्हाला खांबाच्या ताणाच्या तारेलासुद्धा हात लावू दिला नाहीत. परमिट घेतल्याशिवाय, उपकेंद्रावरून लाइन बंद झाल्याचं दोनदा विचारल्याशिवाय आणि तारा जमिनीला जोडणारा डिस्चार्ज रॉड टाकल्याशिवाय खांबाला शिवायचं नाही, हे मी शाळेच्या प्रार्थनेआधी पाठ केलंय. ‘मेलेली लाइन जिवंतच समजायची’ हे वाक्य तुमचं. मग त्या रात्री कुठलं परमिट होतं? चार माणसांनी ‘अण्णा’ म्हटलं, हेच ना?

झालं. भांडण संपलं.

आता जे बघितलं त्याबद्दल. खरं सांगते, येताना मला वाटलं होतं सगळे कपाळाला हात लावून बसले असतील. फणसाच्या जागी फक्त भुसा आणि डिंकाचा वास होता. मंडळाच्या पोरांनी करवतीने कापून, ट्रॅक्टरला दोर बांधून रस्ता मोकळा केला होता. गरे घरोघर वाटले, आठळ्या आपल्या अंगणात वाळत होत्या. समाजमंदिराच्या पायरीवर ट्रॅक्टरची बॅटरी आणि तिच्याभोवती मोबाइलच मोबाइल, पिलं डुकरिणीला लुचतात तसे. रेंज नसताना चार्ज करून काय करणार होते देव जाणे, पण बॅटरी भरलेली असली की माणसाला धीर येतो.

पाण्याचं मात्र तुम्ही लोकांनी झकास जमवलंत. तोच मंडपवाल्याचा जनरेटर, मेन पाडून, फक्त नळपाण्याच्या मोटरीला, तासभर. देवळामागच्या आडाचं पाणी जनावरांना. आशाताईंनी क्लोरीनच्या बाटल्या घरोघर दिल्या, आणि आई, तू ‘वास येतोय’ म्हणून ती फडताळात मागे सारलीस. मी बघितलंय. आता पुढचे चार महिने पाणी गढूळच येणार आहे. वास सोसायचा, नाहीतर चांगलं खळखळून उकळायचं.

गिरणी बंद म्हणून तू जातं काढलंस आणि शेजारच्या दोन नव्या सुनांना दळायला बसवलंस. त्यांच्या पिठाची भाकरी तव्यावर उलटताना मोडायची आणि तुझ्या चेहऱ्यावर केवढा आनंद!

तुझ्या इन्सुलिनचा जीव मला वाटेवर लागला होता. फ्रीज बंद, बाहेर काहिली. आणि घरी येऊन बघते तर तू छोट्या मडक्यात बाटल्या, ते मडकं मोठ्या मडक्यात, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, असं करून गारव्यात ठेवलेलं. डॉक्टरसुद्धा दुसरं काय सांगणार? भाचा पाटणहून बर्फ आणायला निघाला होता, त्याला तू अडवलंस तेही बरंच केलंस. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं, पुन्हा वितळलं तरी त्याचा उपयोग नाही. फोडलेली बाटली उन्हाची झळ नसेल तर साधारण महिनाभर फ्रीजबाहेर चालते, किती दिवस ते बाटलीबरोबरच्या कागदावर असतं. न फोडलेल्या दोन आहेत त्यांच्यासाठी, फ्रीज बंद असेल तोवर, मडक्यावरचं फडकं वाळू देऊ नकोस. वीज आली म्हणून मडकं मोडू नकोस, राहू दे तसंच.

मी आले त्या रात्री समाजमंदिरात बसलो होतो, गोडेतेलाची पणती लावून, कारण रॉकेल आता रेशनवर दिसतच नाही. तू म्हणालीस, कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण आपल्या तालुक्यात, तिथल्या पाण्यावर १९६० मेगावॅट वीज होते आणि आपण पणती लावून बसलोय. सगळे हसले. मग अण्णांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली, भूकंपानंतर थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री, शेकोट्या, आजीने पोरांना पोत्यांत गुंडाळून निजवलेलं. हे मी पन्नास वेळा ऐकलंय. पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं ते हे, की तेव्हा रात्री फिरून हाक मारून सगळी आहेत ना बघायचं काम तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही तेव्हा शाळेत होतात. म्हणजे ही खोड जुनी आहे.

म्हणून तुम्हाला घरात बसा असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी ऐकणार कोण? तिसऱ्या दिवशी आलेला तो तरुण वायरमन बघितलात ना? शेतातल्या तुटक्या तारेपासून पोरांना त्याने आधी लांब केलं, उपकेंद्राला दोनदा फोन लावला, आणि मग तुमच्याकडे येऊन विचारलं, ‘काका, ह्या डीपीवरून खालच्या आळीला कुठला फेज जातो?’ तुम्ही खुर्चीत बसून काठीने मातीत रेघा ओढून दाखवलंत. पंचवीस माणसांनी दोराने ओढून खांब उभा केला, तेव्हाही तुम्ही खुर्चीतूनच ओरडत होतात आणि सगळे ऐकत होते. मला तेवढेच अण्णा पाहिजेत.

हा तर नुसता वळीव होता. पुढे आपल्या खोऱ्यातला पाऊस आहे. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगावला दरडी आल्या त्या रात्री आठवा. त्याआधी एवढं करा. वाडीत जनरेटर किती घरांत आहेत, इन्व्हर्टर कुणी कसा जोडलाय, हे भाच्याला बरोबर घेऊन बघा. जनरेटर पडवीत किंवा खोलीत कुणी चालवत असेल तर बाहेर काढायला लावा, त्याच्या धुराला झोपलेला माणूस उठत नाही. मंडपवाल्याला मी चेंजओव्हर स्विच पाठवतेय, ह्याच पिशवीत आहे. एका वेळी एकच बाजू जोडली जाईल असा. तो तुमच्यादेखत बसवून घ्या, पण बसवायचा नव्या वायरमनने. आणि लाइट गेली की १९१२ ला फोन करायचा हे समाजमंदिराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे चार माणसं आपल्या दारात येणार नाहीत.

हातमोजे मी येताना बॅगेत घालून आणले.

शिडी कुठे आहे ते भाच्याला विचारू नका, त्याला मी शपथ घातलीय. आईला खरंच माहीत नाही.

तुमची लेक