हेडलाइटचे तुटलेले कान आणि नाकारलेली हमी : एक तक्रार पत्र

दिनांक : २५ ऑगस्ट २०२५
सातारा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रोजेक्टर हेडलाइटच्या जोडीचे बसवणीचे कान तुटल्याबाबत व हमीचा दावा चुकीच्या कारणाने फेटाळल्याबाबत.

संदर्भ : १) आपले बिल, फेब्रुवारी २०२५. २) माझा ई-मेल, १९ एप्रिल २०२५. ३) आपले नकाराचे उत्तर, २ जून २०२५.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी माझ्या २०१४ सालच्या गाडीसाठी हेडलाइटची एक जोडी ७,८०० रुपयांना विकत घेतली. गाडीचे मॉडेल बिलावर नमूद आहे आणि हे दिवे नेमके त्याच मॉडेलला, कोणताही फेरफार न करता, बसतात असे आपल्या खोक्यावर छापलेले आहे. १२ फेब्रुवारी रोजी दिवे हाती आले आणि १६ फेब्रुवारीला साताऱ्यातील एका गॅरेजमध्ये बंपर उतरवून ते माझ्यासमोर बसवण्यात आले.

बसवतानाच एक गोष्ट खटकली होती. डाव्या दिव्याच्या वरच्या कानाचे (दिवा गाडीला बोल्टने जोडण्यासाठी त्याच्या पाठीला असलेल्या प्लॅस्टिकच्या जिभेचे) छिद्र गाडीच्या पट्टीवरील छिद्रापासून सुमारे ४ मिलिमीटर बाजूला पडत होते. फिटरने दिवा हाताने दाबून धरला आणि १० नंबरच्या पान्याने बोल्ट आवळून कान जागेवर ओढून आणला. हे मी लपवत नाही, कारण यात दोष फिटरचा नाही. फेरफार न करता बसणाऱ्या दिव्याचा कान ओढून आणावा लागत असेल, तर तो कान पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या ताणात भर घालतो.

सात आठवड्यांनी, ५ एप्रिलच्या रात्री, मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वरहून परत येताना समोरून येणारे जवळजवळ प्रत्येक वाहन मला डिपर मारू लागले. दिवा खालच्या झोतावर असल्याची मी दोनदा खात्री केली. घरी पोहोचल्यावर गाडी भिंतीसमोर उभी केली तेव्हा उजव्या दिव्याची प्रकाशरेषा स्थिर होती आणि डाव्या दिव्याची, इंजिन नुसते चालू असताना, पाण्यावरच्या सावलीसारखी थरथरत होती. दुसऱ्या दिवशी बंपर उतरवला. डाव्या दिव्याचा वरचा कान मुळापासून तुटून बोल्टसह पट्टीवरच राहिला होता. उजव्या दिव्याचा तोच कान अद्याप तुटला नव्हता, पण त्याच्या मुळाशी, बरोबर त्याच रेषेत, तडा गेलेला होता.

आपल्या २ जूनच्या उत्तरात या नुकसानीला ‘बाह्य आघाताने झालेले भौतिक नुकसान’ असे म्हटले आहे. गाडीच्या दोन विरुद्ध बाजूंना बसवलेल्या दोन दिव्यांवर नेमक्या एकाच जागी आघात व्हावा आणि बंपरला, काचेला किंवा रंगाला साधा ओरखडाही येऊ नये, हे कसे घडले असावे ते आपण मला समजावून सांगावे. मी सोबत दोन्ही बाजूंची दहा छायाचित्रे जोडत आहे. हीच छायाचित्रे एप्रिलमध्येही पाठवली होती, मात्र ती कोणी उघडून पाहिली असतील असे उत्तरावरून वाटत नाही.

मी निवृत्तीपूर्वी २९ वर्षे प्लॅस्टिकच्या भागांचे साचे तयार करण्याच्या कामात होतो, म्हणून पुढील तपशील जरा सविस्तर लिहितो. गाडीसोबत आलेला जुना मूळ दिवा मी टाकून दिलेला नाही. त्याचा कान व्हर्नियर मापकाने मोजला असता ३.५ मिलिमीटर जाड भरतो, तुमचा २.२ मिलिमीटर. मूळ कान जिथे दिव्याच्या पाठीला मिळतो तिथे गोलाई दिलेली आहे आणि दोन्ही अंगांना आधाराच्या फासळ्या आहेत. तुमच्या कानाच्या मुळाशी काटकोनी, धारदार कोपरा आहे आणि फासळी एकही नाही. साच्याच्या कामात नव्याने आलेल्या मुलालाही पहिल्या महिन्यात शिकवले जाते की आतला कोपरा धारदार ठेवला तर सगळा ताण तिथेच एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. मूळ दिव्याच्या कानाच्या छिद्रात धातूची बुशी, म्हणजे छोटी नळी, आहे, त्यामुळे बोल्टचा दाब बुशीवर येतो आणि प्लॅस्टिक चिरडले जात नाही. तुमच्या छिद्रात बुशी नाही. त्याउपर, प्रोजेक्टरची भिंगे आत असल्यामुळे तुमचा एक दिवा २ किलो ७५० ग्रॅम भरतो, तर मूळ दिवा १ किलो ९०० ग्रॅम. वजन वाढवून कान पातळ करणे हा निर्णय आपल्याकडे कोणत्या टेबलावर झाला, याची मला खरोखर उत्सुकता आहे.

दिवा थोडासा हलतो म्हणजे फार काही बिघडले नाही, असे आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर सुचवले होते. वरच्या व खालच्या कानांत उभे अंतर १७० मिलिमीटर आहे. वरचा कान सुटल्यावर दिव्याचे वरचे टोक ३ मिलिमीटर मागे सरकले, तरी झोत सुमारे एक अंशाने वर उचलला जातो, आणि एक अंश म्हणजे २५ मीटर अंतरावर ४४ सेंटिमीटर. खालचा झोत दर १० मीटरला साधारण १० सेंटिमीटर उतरता ठेवला, तर २५ मीटरवर त्याचा उतार २५ सेंटिमीटरच असतो. म्हणजे तो सगळा पुसला जाऊन प्रकाश समोरच्या चालकाच्या डोळ्यांकडे जाऊ लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये, आणि त्यासाठी दिव्याची रचना, बसवणी व देखभाल तिन्ही तशीच हवीत. दंड झाला तर तो मला होईल, आपल्याला नाही. घाटात समोरच्याचे डोळे दिपले असते तर काय झाले असते, हे मी इथे लिहीत नाही.

आता दुरुस्तीविषयी, कारण आपला दुसरा आक्षेप ‘अनधिकृत बदल’ असा आहे. ८ एप्रिल रोजी मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर बोललो तेव्हा, कान सुटा मिळत नाही, दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी गोंदाने तो चिकटवून घ्या, असा सल्ला मला देण्यात आला. दिव्याच्या पाठीवर ‘पीपी-टीडी २०’ अशी खूण आहे, म्हणजे ती पाठ २० टक्के टाल्क (एक खनिज पूड) मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनची आहे. या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा द्रव नीट पकड घेतच नाही. हे ठाऊक असूनही, उद्या सांगितलेला उपाय केला नाही असे आपण म्हणू नये म्हणून, ९ एप्रिलला मी तो करून पाहिला. १८ एप्रिलला सांधा उखडला, आणि इपॉक्सीचा थर तुटलेल्या भागावरून नखाने सोलून निघावा तसा सबंध निघून आला.

त्यानंतर मी व गॅरेजमालकांनी मिळून जे केले ते असे : तुटलेल्या जागी व्ही आकाराची खाच पाडून पॉलिप्रॉपिलीनचीच कांडी गरम हवेने वितळवून सांधा जोडला, मागून २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी रुंद वायसर घालून छोट्या बोल्टांनी जोडली, छिद्रात पितळी बुशी बसवली आणि दिव्यावर ताण येऊ नये इतपत गाडीकडील पट्टीचे छिद्र लांबट केले. उजव्या दिव्यालाही तसाच आधार दिला. त्यानंतर भिंतीवर पाहून झोताची उंची जुळवून घेतली. १ मेपासून, या पावसाळ्यातील आजवरचे खड्डे सोसून, दोन्ही दिवे जागचे हललेले नाहीत. गॅरेजमालकांनी या कामाचे ६५० रुपये घेतले. जे काम ६५० रुपयांत गल्लीतल्या गॅरेजमध्ये होऊ शकते, ते आपल्या साच्यात आधीच व्हायला हवे होते. हमी नाकारण्यासाठी आपण ज्या बदलाचे निमित्त पुढे करता तो कान तुटल्यानंतरचा आहे, आणि त्या दुरुस्तीआधीचा एकमेव बदल, म्हणजे इपॉक्सी, आपल्याच सल्ल्याने झालेला आहे. त्या संभाषणाची नोंद आपल्याकडे असेलच. माझ्याकडे कॉलची वेळ व कालावधी आहे.

आपण ज्या पद्धतीने ही तक्रार हाताळली त्याबद्दल थोडक्यात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. माझ्या १९ एप्रिलच्या ई-मेलची पोच पाचव्या दिवशी आली आणि उत्तर सहा आठवड्यांनी, तेही दोन ओळींचे.

माझी मागणी अशी आहे. दोन्ही दिवे परत घेऊन ७,८०० रुपये परत करावेत, अथवा जाड, गोलाईयुक्त व बुशी असलेल्या कानांची नवी जोडी द्यावी. जुन्याच साच्यातील जोडी मी स्वीकारणार नाही. बंपर उतरवण्या-चढवण्याचा दोन वेळचा खर्च १,२०० रुपये आणि दुरुस्तीचे ६५० रुपये, मिळून १,८५० रुपये वेगळे द्यावेत. काही गाड्यांच्या मूळ दिव्यांसाठी तुटलेल्या कानाचा सुटा दुरुस्ती संच मिळतो. तसा संच आपणही उपलब्ध करून द्यावा, आणि ज्यांनी ही जोडी आधीच घेतली आहे त्यांना कान तपासून घेण्याची लेखी सूचना द्यावी. शेवटची मागणी माझ्या पैशांशी संबंधित नाही, तरी मला ती पहिल्या मागणीइतकीच महत्त्वाची वाटते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला आपल्या शहरात खेटे घालावे लागणार नाहीत.

उखडलेला इपॉक्सीचा थर आणि जुना मूळ दिवा मी नावाच्या चिठ्ठ्या लावून जपून ठेवले आहेत. आपला अभियंता पाहणीसाठी येणार असल्यास दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे गॅरेजमध्ये बंपर उतरवून ठेवता येईल. त्याचा खर्च या वेळी आपण करावा.

आपला,
(स्वाक्षरी)
तक्रारदार ग्राहक, सातारा

सोबत : बिलाची प्रत, छायाचित्रे (१०), गॅरेजच्या पावत्या (३), ई-मेल व्यवहाराची प्रत.