पत्रकावर नाव नसलेल्यांचे आभार

आरोग्यासाठी आमच्या संस्था एकत्र आल्या, पत्रकावर नावं छापली गेली. ज्यांची छापली गेली नाहीत, त्यांचे हे जाहीर आभार.

घरोघरी फिरून ‘दवाखान्यात का येत नाही?’ असं विचारणाऱ्यांनो, खरं उत्तर तुम्हीच आणलंत. औषधं होती, डॉक्टर होते. पण दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच होती. एक दिवस दवाखान्यात घालवला की त्या दिवसाची मजुरी बुडायची. आमच्या तक्त्यांत हे कधीच दिसलं नसतं.

बैठकीच्या वेळी इतरांची मुलं सांभाळणाऱ्या ताई, तुमचे विशेष आभार. तुमच्यामुळे त्या मुलांच्या आया पहिल्यांदा येऊन बसल्या, आणि बोलल्या. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या आंतरराष्ट्रीय आल्मा-आता जाहीरनाम्यात म्हटलंय. त्या हक्काला तुम्ही जागा करून दिलीत.

आणि सभागृहाच्या पायऱ्या पाहून बैठकीची जागा बदलायला लावणारे तुम्ही! कोण होतात, शेवटपर्यंत कळलं नाही. चाकाच्या खुर्चीवरचे दोघं तेव्हापासून एकही बैठक चुकवत नाहीत.